हिरवं बटण

“तुमच्या इंग्रजाइच्या टीव्हीपायी आमी आमचा टीव्ही बंद ठेवावा, हे कोन्या गावचं म्हना?”

“बंद कोन म्हनते वयनी? हळू करा म्हनतो.”

“हळूच हाय. याच्याहून हळू केला त तोंडं पाहूनच समजा लागीन मले, कोन काय बोल्ली ते.”

“मंग समजा. रोज एकच त बोलतात.”

हे अंजूनं बोलायला नको होतं. उज्ज्वलानं रिमोट मांडीखाली दाबला आणि ती नणंदेकडे वळून बसली.

“अन् तुमचे इंग्रज रोज नवीन बोलतात वाटते? ‘टीव्हीवर काई नाई, टीव्हीवर काई नाई.’ चार दिवस झाले, तेच त वाचून राह्यल्या तुमी. पाहाले टीव्ही, खाले केक, अन् तरी रडून राह्यले. आमी पाचले उठून वांगे तोडतो, आमाले कोनी इच्यारलं काय, सिरियल कशी वाटली म्हनून?”

“मले तरी कोन इच्यारते?”

“दोघीही बंद करा.” अंजूची आई, आवडाबाई, दारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती. तिनं दातानं सुतळी तोडली. “रविवारी जऊळक्याचे लोक येऊन राह्यले. त्याइले काय सांगू, ते सांगा मले पयले. टीव्हीचं मंग पाहू.”

उज्ज्वलानं आपणहून आवाज कमी केला. अंजू खिडकीकडे तोंड करून बसली आणि तिनं लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. घरात मोबाईलची रेंज त्या एका खिडकीपाशीच येई आणि टीव्हीही त्याच खोलीत होता. मागच्या खोलीत टमाट्याचे कॅरेट, फवारणीचा पंप आणि बियाण्याचे डबे. तिथं रेंज नव्हती आणि माणसाला पाय पसरायलाही जागा नव्हती.

अंजू सासरहून, जऊळक्याहून, परत आली त्याला साडेतीन वर्षं झाली होती. येताना तिच्याकडे एक पिशवी आणि बी.ए.ची मार्कशीट होती. कोणी मारलं का, असं सगळ्यांनी विचारलं. मारलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तिच्या नवऱ्याचं, रविकांतचं, स्टेशनच्या रस्त्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळी दुकानावर जाताना तो अंजूच्या मोबाईलमधलं सिम काढून खिशात घालायचा आणि संध्याकाळी आल्यावर परत टाकायचा. अगदी शांतपणे, चष्मा पुसावा तसं. मग मोबाईल हातात घेऊन दिवसभरात कोणाचा फोन येऊन गेला असता, ते तिच्यासमोरच बघायचा. मूल झालं नाही, त्यावर सासू बोलायची. पण सासूचं बोलणं अंजूला कधी लागलं नाही. तिला लागलं ते सिम. हे तिनं माहेरी सांगितलं तेव्हा चंपतनं, तिच्या बापानं, विचारलं होतं, “मंग संध्याकाळी वापस देत होता ना?”

त्या घरातही टीव्ही होता, पुढच्या खोलीत. तिथं सासरा बसायचा, म्हणून सुनेनं तिथं बसायचं नाही अशी रीत. अंजू पाच वर्षं स्वयंपाकघरात पोळ्या लाटत टीव्ही ऐकत होती. मालिकांतली माणसं तिला आवाजावरून माहीत होती. माहेरी आल्यावर पहिल्यांदा तिनं ती पाहिली, तेव्हा तिच्या कल्पनेतली खाष्ट सासू पंचविशीतली देखणी बाई निघाली आणि अंजू हसत सुटली. त्या दिवशी उज्ज्वलाही तिच्याबरोबर हसली होती. दोघींचं वाईट नव्हतं. पण शिरपूरच्या बाजारात उज्ज्वलाला बायका विचारत, “ननंद अजून घरीच हाय काय?” आणि ते विचारणं तीन वर्षं चालू होतं.

मग वाशीमला बायकांचा कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. अंजूनं सहा महिने एसटीनं जाऊन-येऊन तो पुरा केला. त्यातूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. काम असं, की विलायतेतले लोक टीव्हीवर काय पाहतात आणि त्यांना ते कसं वाटतं, हे ते लिहून पाठवत. अंजूनं प्रत्येक लेखी मत वाचायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं. माणूस खूश असेल तर हिरवं, नाराज असेल तर लाल, दोन्ही नसेल तर करडं. वर्षभर किरकोळ काम येत राहिलं. खरं मोठं काम नाताळात, कारण नाताळात तिकडे घराघरातले लोक एकत्र बसून टीव्ही पाहतात आणि मग त्याबद्दल लिहितात. पुण्याच्या मंजू मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, “ही नाताळची फाईल नीट झाली, तर तुला पक्कं करून टाकू. पत्र मिळेल.”

या पत्रावर सगळं थांबलं होतं. रविकांतच्या घरून दिवाळीनंतर निरोप आला होता, की शेवटचं विचारतो. येणार असेल तर जानेवारीच्या पहिल्या रविवारी न्यायला येतो, नाहीतर आमचा रस्ता मोकळा करा. आणि येताना तिनं मोबाईल माहेरीच ठेवून यावं. पवननं, तिच्या थोरल्या भावानं, हा निरोप जेवताना सांगितला होता आणि शेवटचं वाक्य सांगताना ताटाकडे बघितलं होतं. चंपत म्हणाला होता, “पत्र आलं त आपन ताठ सांगू, पोरगी नोकरीवर हाय. नाई आलं त मंग काय सांगावं? घरी बसली हाय म्हनून?”

म्हणजे रविवारच्या आत पत्र यायला हवं होतं.

मतं वाचायला अंजूला आवडायचं. तिला पहिल्यापासून नवल वाटे, की एवढ्याशा गोष्टीवर माणूस पानभर लिहितो आणि ते कोणीतरी मागवूनही घेतं. एका बाईनं स्वयंपाकाच्या कार्यक्रमातल्या माणसाच्या स्वेटरवर नऊ ओळी लिहिल्या होत्या. एका माणसाचं म्हणणं होतं, की हवामान सांगणारी मुलगी फार भरभर बोलते, आईला कळत नाही. कळत नसलेल्या शब्दांसाठी अंजूनं वही केली होती. मंजू मॅडमनी पाठवलेले नियम तिनं दोनदा वाचले होते. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की स्वतःचं मत मध्ये आणू नका, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे तेवढंच बघा.

त्या भांडणाच्या दिवशी संध्याकाळी आवडाबाईनं समेट करायचा म्हणून विचारलं, “काय म्हनतात वं आज तुहे लोक?”

अंजूनं वाचून मराठीत सांगितलं. नाताळच्या दिवशी दुपारी तीन वाजता राजाचं भाषण असतं. एकानं लिहिलंय, की यंदा ते बरं होतं.

“जेवन झाल्यावर भाषन लावतात?” चंपत बाजेवरून म्हणाला. “मंग बरंच असीन. झोप लागली असीन त्याले.”

पवन हसला. उज्ज्वलाही पदराआड हसली. तिनं जुड्या बांधायला घेतल्या आणि विचारलं, “सिरियली कशा असतात वं त्याइच्या?”

“एकीनं लिवलं हाय, नाताळ आला की सिरियलीत कोनीतरी मरतेच. सनासुदीलेही रडवतात म्हने.”

“आपल्यात बरं हाय. मेलेला शंभर दिवसानं वापस येते.”

“अन् वयनी, तिकडं टीव्ही पाह्याची सरकारले फी भरा लागते. घरोघरी.”

“पाह्याची?” उज्ज्वलाचा हात थांबला. “बाई बाई! मंग त रडतीनच.”

त्यानंतर तीन संध्याकाळी हेच चाललं. उज्ज्वलानं आपली मालिका सोडली नाही, पण जाहिराती लागल्या की ती आवाज बंद करून म्हणे, “वाचा एखादं.” सगळे मिळून ठरवत. अंजूनं सांगायचं, आवडाबाईनं निवाडा द्यायचा, पवननं खोडा घालायचा. घरात तिच्या कामाची पहिल्यांदाच कोणी दखल घेत होतं आणि अंजूला ते इतकं सुखाचं झालं, की एरवी एकटीनं मनातल्या मनात ठरवलं असतं तेही ती मोठ्यानं वाचू लागली.

“हा पाहा एक मानूस. लिवते, नाताळच्या संध्याकाळी पुन्हा तीच जुनी हसाची सिरियल लावली. आमच्या घरी सगळ्याइले पाठ हाय. पोरं त्या नटाच्या आंधीच बोलून टाकतात.”

“हे त आपल्या सप्त्यातल्या महाराजासारखंच झालं,” आवडाबाई म्हणाली.

सगळ्यांना ते पटलं. दत्तजयंतीच्या सप्त्यात दरवर्षी तेच महाराज यायचे, तीच पोथी लागायची आणि चौथ्या दिवशी कंजूष माणसाच्या म्हशीची तीच गोष्ट ते सांगायचे. म्हैस दावं तोडते, इथंच बायका हसायला लागत. महाराज अजून पुढचं बोललेलेही नसत. एका वर्षी त्यांनी म्हशीऐवजी गाईची गोष्ट सांगितली, तर लोक नाराज होऊन घरी आले होते. चंपत आठवडाभर म्हणत होता, महाराजाची तब्येत बरी दिसत नाही.

“घरचे सगळे बसून हसून राह्यले,” आवडाबाई म्हणाली. “मंग इच्यारते काय? लाव खुशीत.”

अंजूनं हिरवं बटण दाबलं.

“हे एका म्हातारीचं. वीस वर्षांपूर्वीचाच कार्यक्रम यंदाही दाखवला. त्यातले अर्धे लोक वारले आता.”

मग आवडाबाईच म्हणाली, “वारलेले लोक वर्षातून एकडाव दिसतात. चांगलंच हाय ना. आपन आखजीले पित्राइले घास ठेवतो, ते टीव्हीवर ठेवतात.”

“माय, ते तसं नसीन,” पवन म्हणाला.

“तुले काय समजते? म्हातारीच्या मनातलं म्हातारीले समजते.”

पुन्हा हिरवं. अशी मतं शेकड्यांनी होती. यंदाही तेच दाखवलं, गेल्या वर्षीसारखंच, लहानपणी पाहिलं तेच. जिथं माणसानं उघड शिवी दिली होती, कंटाळा आला असं लिहिलं होतं, तिथं अंजूनं लाल दाबलं. पण ज्यांनी नुसतं ‘पुन्हा तेच’ लिहून पुढं घरातल्या माणसांची नावं लिहिली होती, ती सगळी तिनं हिरव्यात टाकली. तिला एकदाही शंका आली नाही. जे दरवर्षी येतं, त्याची माणूस वाट बघतो, हे तिच्या घरात कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

एकच मत तिनं वाचून दाखवलं नाही. कोणीतरी लिहिलं होतं, की मी दिवसभर एकटाच होतो, काय चालू होतं ते बघितलं नाही, घरात आवाज असावा म्हणून लावून ठेवला. अंजू बराच वेळ त्या तीन ओळींपाशी थांबली. मग तिनं करडं बटण दाबलं आणि पुढं गेली.

एक तारखेला दुपारी फाईल संपली. अंजूनं ती पाठवली, केस धुतले आणि शेजारच्या वाफ्यातली मेथी स्वतः खुडून आणली. संध्याकाळी चंपत शिरपूरहून आला तेव्हा मळ्यातल्या नळावर पाय धुता धुता त्यानं विचारलं, “आलं काय पत्र?” ती म्हणाली, “उद्या.” तो बरं म्हणाला. बाजारात मात्र त्यानं कोणाला तरी आधीच सांगूनही टाकलं होतं, की पोरीचं पुण्याच्या कंपनीत पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता लॅपटॉप उघडला तर तिचा पासवर्डच चालेना. मग मोबाईलवर एक मेल आला. तो इंग्रजीत होता आणि चारच ओळींचा होता. तपासणीत काम ठरलेल्या पातळीच्या बरंच खाली भरलं, म्हणून खातं बंद करत आहोत; सहकार्याबद्दल आभार. अंजूनं तो वहीशिवाय वाचला. तरी एकदा वही काढून एका शब्दाचा अर्थ बघितला. तो तिला माहीत होता तोच होता.

तिनं मंजू मॅडमना फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी उचलला.

“अंजू, मी काय करू सांग? तू चारशेच्या वर तक्रारी खुशीत टाकल्यास.”

“कोणत्या मॅडम?”

“पुन्हा तेच दाखवलं, पुन्हा तेच दाखवलं, या सगळ्या. अगं, जुने कार्यक्रम परत लावतात ही त्यांची नाताळातली सगळ्यात मोठी तक्रार आहे. फी भरून शिळं बघायचं का, असं त्यांचं म्हणणं असतं.”

“पण मॅडम, ते घरचे सगळे मिळून हसले, असं लिहिलं होतं.”

“हसले असतील. तक्रारच आहे ती.”

“एका बाईनं लिहिलं होतं, वारलेले नट पुन्हा दिसले.”

“तेच तर. वीस वर्षं नवीन काही केलं नाही, हे सांगतेय ती. हे कोणालाही कळतं गं. नियमांत वेगळं लिहायची गरज पण वाटली नाही कोणाला.”

अंजूनं खिडकीची चौकट धरली. रेंज जाऊ नये म्हणून ती हलत नव्हती. “मी सगळी फाईल परत करून देते. पैसे नका देऊ. दोन दिवसांत करते.”

“ती काल रात्रीच दुसरीकडे गेली. खातं एकदा बंद झालं की आमच्याकडून उघडत नाही. जूनमध्ये नवीन भरती असेल, तेव्हा अर्ज टाक. टाकशील ना?”

“हो मॅडम.”

“मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही मॅडम.”

ती वळली तेव्हा उज्ज्वला झाडू हातात घेऊन मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “जूनमदी घेतीन म्हनून राह्यल्या ना?” ती म्हणाली. उज्ज्वलानं झाडलेलीच जागा पुन्हा झाडली. मग झाडू ठेवून तिनं चहा टाकला आणि न विचारता त्यात अंजूला आवडतं तसं आलं जास्त घातलं.

संध्याकाळी सगळे बसले. पवन म्हणाला, वाशीमच्या वर्गाच्या बाईंना विचारून बघू, दुसरं काम असेल. अंजू म्हणाली, दुपारीच विचारलं. मे-जूनपर्यंत काही नाही. पवन म्हणाला, मग तोवर बाजारात बसू दे बाबासोबत. बाजारात चंपतनं काय सांगून ठेवलंय, ते सगळ्यांना माहीत होतं. जऊळक्याची माणसंही त्याच बाजाराला येत.

आवडाबाईनं सुतळीचं बंडल जवळ ओढलं, पण जुडी बांधली नाही.

“म्याच चुकवलं काय वं?”

“नाई माय. बटन म्याच दाबलं.”

“मी म्हटलं होतं, लाव खुशीत.”

“तुले जे वाटलं तेच मलेही वाटलं. इच्यारलं नसतं तरी तेच दाबलं असतं.”

आवडाबाईला हे ऐकून बरं वाटलं नाही. ती म्हणाली, “अजून दोन दिवस हायेत. त्या लोकाइले म्हनू, जूनपर्यंत थांबा.”

“ते थांबत नाईत,” पवन म्हणाला. “रविकांतले दुसरी पोरगी सांगून आली हाय. त्यानंच सांगतलं मले.”

“मंग करू दे त्याले दुसरी,” उज्ज्वला एकदम म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती लाल झाली. “मले काय पाह्यता? मी काई ननंदेले काढून देऊन राह्यली नाई. बाजारातल्या बाया बोलतात, ते मी ऐकतो. आतापरेंत ऐकलंच.”

“तू ऐकशीन,” चंपत पहिल्यांदाच बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता. “मी किती दिवस ऐकू? आज पक्कं झालं म्हटलं, उद्या काय म्हनू? अन् मी गेल्यावर? पवनच्या घरी किती दिवस?”

पवननं “बाबा, हे काय बोलनं झालं” असं म्हटलं. पण “माह्या घरी राहीन ती” असं तो म्हणाला नाही. अंजू त्या वाक्याची वाट बघत होती. तिनं भावाच्या तोंडाकडे बघितलं, तेव्हा तो टमाट्याच्या कॅरेटची तुटलेली पट्टी बसवायला लागला होता. उज्ज्वलानं नवऱ्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे, आणि तीही खाली बघू लागली.

“मी दोनडाव माहेरी निंघून गेली होती,” आवडाबाई हळूच म्हणाली. चंपतसमोर हे तिनं कधी काढलं नव्हतं. “तू पोटात होती तवा अन् त्याच्याही आंधी. दोनीडाव वापस आली. काय झालं? जगलीच ना.”

हे तिनं धीर द्यायला सांगितलं होतं. अंजूनं आईकडे पाहिलं. साठीच्या आतच पाठीतून वाकलेली, बोटांना सुतळीचे काळे वळ, आणि आता बापाच्या बाजेकडे चोरून बघणारी, आपण जास्त तर बोललो नाही ना म्हणून. अंजूला ‘जगलीच ना’ याचा अर्थ पूर्ण समजला.

ती उठली. कोनाड्यातून पिशवी काढून तिनं त्यात तीन साड्या, टॉवेल आणि मार्कशीट घातली. मोबाईलमधलं सिम तिनं नखानं स्वतःच काढलं आणि निरोपाप्रमाणे मोबाईल आईच्या पुढ्यात, न बांधलेल्या सांबारावर ठेवला.

“रविवारी त्याइले बलावू नोका,” ती म्हणाली. “मीच उद्या सकाळच्या गाडीनं जऊळक्याले नांदाले जातो.”